आरसीवरचे नाव आणि मोजलेले पैसे

राजापूर तालुक्यातील दोन घरांमध्ये एका जुन्या ‘छोटा हत्ती’वरून, म्हणजे लहान मालवाहू टेम्पोवरून, पेटलेला वाद सध्या न्यायालयात आहे. दोन्ही घरे माझ्या ओळखीची असल्याने नावे आणि गाव लिहीत नाही. आंबा-काजूची वाहतूक करणाऱ्या एका तरुणाने शेजारच्या वाडीतील एका वयस्क गाडीवाल्याकडून त्यांची गाडी दोन लाख दहा हजारांना घेतली. एक लाख नव्वद हजार त्याच दिवशी मोजून दिले. उरलेले वीस हजार नाव बदलून झाल्यावर द्यायचे ठरले. स्टॅम्पपेपरवर चार ओळी झाल्या, दोन साक्षीदारांनी सह्या केल्या, आणि किल्ली, आरसी म्हणजे गाडीचे नोंदणीपत्र, विम्याचा कागद व नाव बदलण्यासाठी लागणारे विकणाऱ्याच्या सहीचे टीटी फॉर्म घेणाऱ्याच्या हाती आले. फॉर्मवर तारीख घातलेली नव्हती. जुन्या कर्जाचा बोजा फिटलेला होता, पण आरसीवरून उतरवलेला नव्हता. त्यासाठी कर्ज फिटल्याचे पत्र आणायचे राहिले, मग आंब्याचा हंगाम आला, मग पावसाळा. आठव्या महिन्यात विकणारे गृहस्थ वारले. दिवसकार्याला विरारहून आलेल्या मुलांनी वडिलांचा मोबाइल उघडला, तेव्हा त्यात महामार्गावर वेगमर्यादा मोडल्याच्या दंडाच्या चलनाचा संदेश होता. गाडी अजून वडिलांच्याच नावावर आहे हे त्यांना तेव्हा कळले. त्यांनी गाडी परत मागितली, घेणाऱ्याने नकार दिला, तक्रार झाली, आणि गाडी मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या आवारात जाऊन उभी राहिली. ताब्यासाठी दोघांचेही अर्ज आहेत आणि मालकीचा दावाही दाखल झाला आहे.

या प्रकरणावर बाजारात आणि एसटी स्टँडवरच्या हॉटेलात जी चर्चा चालते, ती दोन वाक्यांच्या पुढे जात नाही. एक पक्ष म्हणतो, आरसीवर नाव ज्याचे, गाडी त्याची. दुसरा म्हणतो, पैसे ज्याने मोजले, गाडी त्याची. दोन्ही बाजूंनी आपापल्या वाक्याच्या समर्थनार्थ न्यायालयाचे निकाल सांगितले जातात, आणि ते निकाल खरेही असतात; पण कोणता निकाल कोणत्या प्रश्नावर दिला गेला हे कोणी पाहत नाही. माझे मत आरंभीच मांडतो. ही गाडी घेणाऱ्याची आहे. आणि ती त्याची असूनही, विकणारे हयात असताना तिने रस्त्यावर कोणाला उडवले असते, तर भरपाईचे उत्तर आरसीवर नाव असलेल्या विकणाऱ्यालाच द्यावे लागले असते. ही दोन विधाने एकमेकांच्या विरुद्ध जातात असे ज्यांना वाटते, त्यांनी दोन वेगळे प्रश्न एकाच दोरीने बांधले आहेत. विकणारा आणि घेणारा यांच्यात वस्तू कोणाची, हा एक प्रश्न. त्या वस्तूबद्दल जगाला उत्तर कोणी द्यायचे, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मोटार वाहन कायद्यात शोधायचे नसते. वाहन ही जंगम वस्तू आहे आणि तिच्या खरेदी-विक्रीला १९३० चा मालविक्री कायदा लागू होतो. त्याचे कलम १९ सांगते की ठरावीक वस्तूची मालकी उभय पक्षांना ती ज्या वेळी जावी असे वाटत असेल त्या वेळी जाते, आणि तो हेतू कराराच्या अटी, पक्षांचे वर्तन आणि एकूण परिस्थिती यांवरून ठरवायचा असतो. वर्तन म्हणजे आणखी काय असते? माणसाने किल्ली दिली, मूळ आरसी दिली, फॉर्मवर सही केली, पैसे घेऊन त्यातून घराचे कौल बदलले, आणि पुढचे आठ महिने त्या गाडीकडे वळूनही पाहिले नाही. आता मोटार वाहन कायद्याचे कलम ५० वाचावे. वाहनाची मालकी हस्तांतरित झाल्यावर विकणाऱ्याने १४ दिवसांत, वाहन दुसऱ्या राज्यात नोंदलेले असेल तर ४५ दिवसांत, त्या हस्तांतराची खबर द्यायची, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत, असे ते कलम म्हणते. म्हणजे खबर देण्याआधीच हस्तांतर घडून गेलेले आहे, हे कायद्याच्या शब्दांतच गृहीत आहे. जे घडलेच नाही त्याची खबर कशी देणार? विम्यासंबंधीचे कलम १५७ याच रीतीने बोलते: गाडी विकली की विम्याचे प्रमाणपत्र हस्तांतराच्या दिवसापासून घेणाऱ्याच्या नावे गेले असे मानावे. नोंदीच्या दिवसापासून, असे ते म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली पन्नालाल विरुद्ध चांदमल या प्रकरणात, तेव्हाच्या १९३९ च्या कायद्याखाली, हेच सांगितले होते की नोंदणी बदलणे ही विक्री पूर्ण होण्याची पूर्वअट नाही.

यावर आरसीच्या बाजूचे लोक जे उत्तर देतात ते खरोखर वजनदार आहे आणि ते टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. ते म्हणतात, १९८० चा निकाल जुन्या कायद्यावरचा आहे. १९८८ च्या कायद्याने कलम २ च्या पोटकलम ३० मध्ये ‘मालक’ या शब्दाची व्याख्याच बदलली, आणि ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले आहे तो मालक, असे स्वच्छ लिहिले. त्यावर २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने शिक्कामोर्तब केले. तेथे एक मोटार एकामागून एक हात बदलत गेली होती आणि नाव मात्र पहिल्याच मालकाचे राहिले होते. २००९ मध्ये तिच्या धडकेत एकाचा जीव गेला, एक बाई जखमी झाली. उच्च न्यायालयाने भरपाईचा भार शेवटच्या घेणाऱ्यावर टाकला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो काढून आरसीवर नाव असलेल्या माणसावर ठेवला.

हा निकाल मला पूर्णपणे योग्य वाटतो. हातखंब्याच्या उतारावर ज्या बाईचा नवरा गाडीखाली गेला, तिने काय करायचे? गाडीचा नंबर तिच्या हाती आहे, नंबरावरून नाव मिळते. त्या नावाचा माणूस म्हणणार, मी लांज्याच्या एकाला विकली. तो म्हणणार, मी पावसला दिली. पावसचा म्हणणार, माझ्याकडून गोव्याला गेली. हे सगळे हात शोधत फिरण्याची सक्ती त्या बाईवर करायची का? न्यायालयाने नाही म्हटले, आणि कायद्याचा हेतूही तोच होता. परंतु निकालाचा गाभा कोठे आहे ते पाहावे. तेथे भांडण अपघातग्रस्त आणि वाहनाशी संबंधित माणसे यांच्यातले होते. मधल्या मालकांपैकी कोणी पैसे घेऊन गाडी दिली असताना ती परत मागावी का, हा प्रश्न न्यायालयासमोर नव्हता. व्याख्येच्या कलमाची सुरुवातच ‘या अधिनियमात, संदर्भाने अन्यथा आवश्यक नसेल तर’ अशी असते. एका कायद्याने आपल्या कामापुरता ठरवलेला शब्दाचा अर्थ उचलून दुसऱ्या कायद्याखालच्या व्यवहाराच्या डोक्यावर ठेवता येत नाही. ज्या नियमाने रस्त्यावर मेलेल्याच्या घरच्यांना आधार दिला, त्याच नियमाच्या आधारे पैसे घेतलेल्या माणसाचे वारस वस्तूही परत नेऊ लागले, तर त्या नियमाचे रक्षण होते की गैरवापर?

कोकणातल्या माणसाला हा भेद नव्याने समजावून सांगावा लागतो याचे मला नवल वाटते, कारण सरकारी दप्तरातले नाव आणि जमिनीवरचा माणूस यांच्यातले अंतर आपल्या आजोबा-पणजोबांनी आयुष्यभर भोगले आहे. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत खोत सरकारला सारा भरत असे, दप्तरी नाव त्याचे असे, आणि घाम गाळणारे कूळ कागदावर कोठेच नसे. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे जमिनी ओसाड ठेवून संप केला. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९४८ चा कूळकायदा आला, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषिदिनाने कसणाऱ्याला मालक मानले. ही तुलना फार ताणायची नाही; विकणारे ते गृहस्थ खोत नव्हते, सरळ मनाचे कष्टाळू गाडीवाले होते. पण दप्तरात नाव कशासाठी असते, हा प्रश्न तोच आहे. सातबाऱ्यावरचे फेरफार महसुलासाठी असतात, त्यांनी मालकी निर्माणही होत नाही आणि संपतही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. विरुद्ध पुरावा येईपर्यंत नोंद खरी धरायची, इतकेच महाराष्ट्र जमीन महसूल संहिता म्हणते. जमिनीच्या बाबतीत जे आपल्याला पाठ आहे, ते चार चाकांच्या बाबतीत आपण का विसरतो?

मात्र याच सातबाऱ्याची दुसरी बाजूही आहे, आणि विरोधी पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा तेथेच आहे. नोंद अंतिम नाही असे म्हणत राहिले की नोंद बदलण्याची निकडच कोणाला वाटत नाही. आपल्याकडे कित्येक सातबाऱ्यांवर पणजोबांचे नाव आहे. सामायिकात तीस-चाळीस नावे, निम्मी वारलेली, उरलेली मुंबईत. आणि महामार्गाच्या चौपदरीकरणात जमीन गेली तेव्हा मोबदला कोणी घ्यायचा यावर सख्खे भाऊ अबोला धरून बसले. वाहनांचेही तसेच करायचे का, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे. विरारच्या मुलांची भीतीही मला खोटी वाटत नाही. मेलेल्या बापाच्या मोबाइलवर चलन येते. उद्या अपघाताची नोटीस आली असती, गाडीतून काही भलते वाहून नेल्याबद्दल पोलीस दारात आले असते, तर गाडी आम्ही विकली हे सांगायला बाप नव्हता आणि स्टॅम्पपेपर घेणाऱ्याकडे होता. ही भीती दूर झालीच पाहिजे. पण ती दूर करण्याचा मार्ग घेणाऱ्याची मालकी पुसणे हा आहे काय? मुलांना हवी आहे जबाबदारीतून सुटका, आणि ते मागतात वस्तू. सुटका हवी असेल तर त्यांनी विक्री झाली हे सर्वांच्या आधी मान्य करायला हवे, कारण विक्रीच त्यांना मोकळे करते. विक्री नाकारून त्यांनी ते चलन आपल्याच अंगावर ओढून घेतले आहे.

राहिला वीस हजारांचा मुद्दा. मुलांच्या वतीने असे मांडले जाते की पूर्ण किंमत मिळाली नाही, म्हणून विक्री पूर्ण झाली नाही. आणि त्यासाठी २०२० च्या सुरेंद्र कुमार भिलावे प्रकरणाचा दाखला देतात. त्या प्रकरणात ट्रक विकण्याचा करार झाला होता, नोंदणी जुन्याच नावावर होती, ट्रकचे नुकसान झाले, आणि सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीकृत मालकालाच विम्याचा हक्कदार ठरवले. दाखला चुकीचा नाही, पण तो पूर्ण वाचायला हवा. न्यायालय तेथे नुसत्या नावावर थांबले नाही. त्याने करार उघडून पाहिला, त्यातील अटी पुऱ्या झाल्या होत्या का, कर्जाचे हप्ते आणि विम्याचे पैसे कोण भरत राहिले, हे तपासले, आणि मालविक्री कायद्याच्या कसोटीवर ट्रकची मालकी गेलीच नव्हती असा निष्कर्ष काढला. म्हणजे आरसीच्या बाजूने सांगितला जाणारा हा निकालही व्यवहार तपासूनच दिला गेला. येथे तीच तपासणी करा. करारात अट अशी आहे की नाव बदलल्यावर वीस हजार द्यायचे. वीस हजार दिल्यावर गाडी तुझी होईल, असे कोठेही लिहिलेले नाही. कलम २० म्हणते की ठरावीक, तयार वस्तूचा बिनशर्त करार झाला की मालकी कराराबरोबरच जाते आणि पैसे देण्याची वेळ पुढे ढकललेली असली तरी त्याने फरक पडत नाही. उरलेले वीस हजार हे देणे आहे. त्यासाठी दावा लावावा आणि ते वसूल करावेत. ते मुलांना मिळालेच पाहिजेत, कारण ते त्यांच्या बापाच्या घामाचे आहेत. पण शेजाऱ्याने गाईचे दोन हजार द्यायचे ठेवले म्हणून वर्षभराने गोठ्यातून दुभती गाय सोडून आणण्याचा हक्क आपल्या समाजाने कधी कोणाला दिला?

‘पैसे ज्याचे त्याची गाडी’ म्हणणारे माझ्याच निष्कर्षाला येतात, तरी त्यांचे वाक्यही मला मान्य नाही. मुंबईतला चाकरमानी गावच्या भावाला पोटापाण्यासाठी रिक्षा घेऊन देतो, आरसी भावाच्या नावावर होते, आणि दहा वर्षांनी दोघांचे बिनसले की ‘पैसे माझे’ असा दावा होतो. ते पैसे कर्जाऊ होते, भेट होते की भावाच्या नावाआडून केलेली स्वतःची खरेदी होती, हे ठरवल्याशिवाय पैशाच्या उगमावरून मालकी ठरत नाही. आणि ती आडून केलेली खरेदी असेल, तर काही अपवाद सोडता १९८८ चा बेनामी व्यवहारांचा कायदा अशा दाव्याच्या आडच येतो. पैसा हा हेतूचा एक पुरावा आहे, आरसी हा दुसरा, ताबा तिसरा. न्यायालयाने तिन्ही एकत्र ठेवून पाहायचे असतात.

या सगळ्या भांडणाचे मूळ मला त्या तारीख न घातलेल्या टीटी फॉर्ममध्ये दिसते. आपण ज्याला एका दमात टीटी फॉर्म म्हणतो त्यात वेगवेगळे नमुने असतात. नमुना २९ ही विकणाऱ्याने परिवहन कार्यालयाला द्यायची त्याची स्वतःची सूचना आहे. नमुना ३० हा नाव बदलून मागण्याचा अर्ज. कायद्याने विकणाऱ्याच्या रक्षणासाठी जो कागद दिला, तोच तो सही करून, तारीख न घालता, घेणाऱ्याच्या हाती देतो, आणि घेणारा तो गाडीच्या कप्प्यात टाकून ठेवतो. सगळे असेच करतात, एजंटही असेच करायला सांगतात. मग सही करणारा माणूस वारतो, आणि त्या सहीच्या बळावर अर्ज पुढे जात नाही. वारसांच्या सह्या आणा किंवा न्यायालयाचा आदेश आणा, असे उत्तर मिळते. येथे केवळ माणसांच्या आळसाला दोष देऊन भागणार नाही. विकणाऱ्याने एकट्याने सूचना दिली, तरी घेणारा अर्ज करीपर्यंत आरसीवरचे नाव हलत नाही, ही व्यवस्थेतली उणीव आहे. ती भरून काढता येते हे शासनाने स्वतःच दाखवले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने जुन्या वाहनांच्या अधिकृत विक्रेत्यांसाठी नियम केले, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. गाडी अशा विक्रेत्याकडे सोपवल्याची सूचना ऑनलाइन गेली की तेव्हापासून जबाबदारी त्याच्याकडे जाते. शहरातल्या शोरूममध्ये गाडी देणाऱ्याला मिळणारे हे संरक्षण वाडीतल्या माणसाने वाडीतल्या माणसाला गाडी दिली तर का मिळू नये? विकणाऱ्याने आधारशी जोडलेल्या मोबाइलवरून सूचना द्यावी, घेणाऱ्याने त्याच दिवशी आपल्या मोबाइलवरून ती स्वीकारावी, आणि ‘विक्रीची सूचना मिळाली’ एवढी ओळ घेणाऱ्याच्या नावासह वाहन पोर्टलवर लगेच दिसावी. बोजा उतरणे, शुल्क भरणे, तपासणी हे पुढे सावकाश होत राहील. अपघातग्रस्ताला नाव मिळेल, विकणारा मोकळा होईल, आणि घेणाऱ्याच्या हातात मेलेल्या माणसाची सही उरणार नाही.

तोवर प्रश्न आहे तो त्या आवारातल्या गाडीचा. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की जप्त वाहने पोलीस ठाण्यात कुजत ठेवू नयेत. पंचनामा करावा, छायाचित्रे काढावीत, आणि योग्य जामीन घेऊन ती सोडावीत. व्यवहारात मात्र ताबा द्यायचा म्हटला की पहिला कागद आरसीचा मागतात, आणि त्या गाडीवर जी चूल चालत होती ती बाजूला राहते. हा ताबा अंतिम मालकीचा निर्णय नसतो, त्यामुळे तो देताना पाहायचे ते एवढेच की गाडी कोणाच्या हातातून घेतली आणि कोण ती सांभाळेल. मागच्या आठवड्यात मी ती पाहून आलो. समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने हौद्याच्या कडांना पापुद्रे सुटले आहेत, एक टायर बसला आहे, आणि चासी नंबर जेथे कोरलेला असतो तेथे गंजाचे फोड आले आहेत. नाव बदलण्याच्या अर्जावर त्या नंबराचा ठसा लागतो; कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की आकडे उमटतात. मी बोट फिरवून पाहिले तर शेवटचे दोन आकडे हाताला लागले नाहीत. पुढची तारीख मे महिन्याच्या अखेरीची आहे. न्यायालयाने घेणाऱ्याकडून वीस हजार जमा करून घ्यावेत, चालू विमा आणि गाडी न विकण्याची हमी घ्यावी, आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी गाडी सुपुर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळण्याची आणि मागितल्यास हजर करण्याची लेखी हमी घेऊन, त्याच्या ताब्यात द्यावी.